मध्यरात्रीनंतरचं लंडन

'लंडन आफ्टर मिडनाइट' हा १९२७ सालचा अमेरिकन मूकपट आज कुणालाच पाहता येत नाही. एमजीएम स्टुडिओकडची शेवटची ज्ञात प्रत १९६५ साली कल्व्हर सिटीतल्या फिल्म-कोठाराला लागलेल्या आगीत जळाली. मागे राहिले ते कागद: पटकथा, स्थिरचित्रे आणि १९२८ मध्ये निघालेली कादंबरी.

त्यांवरून कथानक जुळते. लंडनमध्ये सर रॉजर बाल्फोर मृतावस्थेत सापडतात. स्कॉटलंड यार्डचा बर्क आत्महत्येची नोंद करतो. पाच वर्षांनी त्याच ओसाड घरात रक्तपिपासू वाटावीत अशी माणसे राहायला येतात. शेवटी कळते, की त्यांतले एक भूत म्हणजे खुद्द बर्क. खुन्याला बोलते करण्यासाठी त्याने वेश घेतला होता. दोन्ही भूमिका अभिनेता लॉन चेनीच्या. छायाचित्रांत उंच टोपी, टोकदार दात आणि वटारलेले डोळे दिसतात. रंगभूषा त्याची स्वतःचीच.

दिग्दर्शक टॉड ब्राउनिंगने १९३५ मध्ये हीच कथा 'मार्क ऑफ द व्हॅम्पायर' म्हणून पुन्हा केली. पण तो मूळ चित्रपटाचा साक्षीदार म्हणून जपूनच वापरावा लागतो: तिथे चेनीचे काम लायनेल बॅरिमोर आणि बेला लुगोसी यांच्यात वाटले गेले आणि लंडनही उरले नाही. २००२ मध्ये रिक श्मिडलिन यांनी पटकथा आणि स्थिरचित्रे जोडून सुमारे पाऊण तासाची पुनर्रचना केली. तिच्यात दृश्यांचा क्रम कळतो, चेनीची चाल कळत नाही.

चित्रपट कॅलिफोर्नियात झाला, तरी त्याची एक सावली खऱ्या लंडनवर पडली. १९२८ च्या ऑक्टोबरमध्ये हाइड पार्कात एका तरुणीचा खून झाला. ओल्ड बेली न्यायालयात आरोपी सुताराने सांगितले, की कोपऱ्यात उभा राहून आपल्यावर ओरडणारा, वेडीवाकडी तोंडे करणारा चेनी आपल्याला दिसला. भ्रमिष्टपणाचा हा बचाव ज्युरीने मानला नाही. १९२९ च्या जानेवारीत तो दोषी ठरला.

'या चित्रपटामुळे खून झाला' हे वाक्य तेव्हापासून फिरते आहे. खटल्याचे कागद तेवढे म्हणत नाहीत. आरोपीने चेनीचे नाव घेतले आणि ते न्यायालयाला पटले नाही, एवढेच सिद्ध होते. बर्कने खुन्याकडून सत्य काढले ते पडद्यावर. ओल्ड बेलीत भुताची साक्ष चालली नाही.