वेशीवरची जकात

व्यापाराच्या इतिहासांत जो माल तयार करतो त्याच्यापेक्षां जो वेशीवर बसतो त्याची प्राप्ति पुष्कळ वेळां अधिक असते. नदीचा उतार, घाटांतील खिंड, शहराची वेस, बंदराचा धक्का अशा जागा ज्याच्या हातीं असतात त्याला स्वतः कांहीं पिकवावें लागत नाहीं कीं विणावें लागत नाहीं. येणाऱ्याजाणाऱ्याला दुसरी वाट नसली म्हणजे झालें. वेशीवाला म्हणतो कीं, रस्ता मीं बांधला, चोराचिलटांपासून रखवाली मी करतों, तेव्हां जकात हा माझा हक्कच आहे. व्यापारी म्हणतो कीं, रस्त्याचा खर्च केव्हांच वसूल झाला. आतां उरली ती केवळ अडवणूक. दोघांच्याहि म्हणण्यांत थोडेंथोडें तथ्य असतें, आणि म्हणूनच हा वाद कधीं शिळा होत नाहीं. त्याच वादाचा एक अगदीं अलीकडचा अध्याय येथें सांगावयाचा आहे. त्यांतील वेस दगडाची नाहीं. ती आपल्या खिशांतील मोबाइलमध्यें आहे, आणि तिच्यांतून जाणारा मुख्य माल म्हणजे मुलांचे खेळ.

ॲपल कंपनीनें १० जुलै २००८ रोजीं आपल्या आयफोनसाठीं ‘ॲप स्टोअर’ हें दुकान उघडलें, तेव्हां त्यांत सुमारें ५०० ॲप्स होतीं. अट साधी होती: विक्रीच्या रकमेपैकीं शेंकडा ७० ॲप रचणाराचे, शेंकडा ३० कंपनीचे. त्या वेळीं ही अट फारशी कोणाला जाचक वाटली नाहीं. संगणकावरील खेळ पेटींत घालून दुकानांत ठेवावयाचा तर छपाई, वाहतूक, वितरक, दुकानदार अशा अनेकांच्या वाटण्या प्रथम निघत. उलट येथें घरीं बसून एखाद्या तरुणानें रचलेला खेळ थोड्याच दिवसांत देशोदेशीं विकला जाऊं लागला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत गूगलनेंहि अँड्रॉइड फोनांसाठीं आपलें दुकान उघडलें. २०१२ सालीं त्याचें ‘गूगल प्ले’ असें नामांतर झालें. नवी पेठ वसवितांना व्यापाऱ्यांस कौल देऊन प्रथम सवलती द्यावयाच्या आणि पेठ भरल्यावर पट्टी बसवावयाची, ही रीत आपल्याकडील पेठांच्या इतिहासांत वाचकांच्या पाहण्यांत आलीच असेल. येथें दर पहिल्यापासून तोच होता. पण पेठ भरली, आणि त्या दराचा अर्थ मात्र बदलला.

या व्यवस्थेचें पूर्वरूप पाहूं गेल्यास तें जपानच्या निंटेंडो कंपनीच्या खेळयंत्रांत सांपडतें. हें यंत्र १९८५ सालीं अमेरिकेंत विक्रीस आलें, तेव्हां त्यांत कुलपासारखें काम करणारी एक चिप बसविलेली होती. परवान्यावांचून तयार केलेला खेळ त्यांत चालतच नसे. परवाना घेणारानें वर्षाकाठीं ठराविक संख्येहून अधिक खेळ काढूं नयेत, आणि खेळांच्या कार्ट्रिजा निंटेंडोकडूनच करवून घ्याव्यात, अशा अटी असत. या बंदोबस्ताला कारणहि होतें. दोनच वर्षें आधीं निकृष्ट खेळांचा सुळसुळाट होऊन अमेरिकेंतील तो सारा धंदा कोसळला होता. म्हणजे कुलूप हें गिऱ्हाइकाच्या विश्वासासाठींहि होतें आणि मालकाच्या तिजोरीसाठींहि होतें. हीं दोन प्रयोजनें एकमेकांपासून वेगळीं कशीं करावयाचीं, हाच पुढील सर्व खटल्यांचा गाभा आहे.

२००९ सालीं ॲपच्या आंतच खरेदी करण्याची सोय झाली, आणि खेळांचें अर्थशास्त्र पार पालटलें. खेळ फुकट द्यावयाचा आणि आंत गेल्यावर नाणीं, हत्यारें, वेष विकावयाचे, असा प्रघात पडला. ही खरेदी ॲपलच्याच यंत्रणेंतून झाली पाहिजे, आणि हीच वस्तु बाहेर स्वस्त मिळते असें ॲपमध्यें सांगतां कामा नये, असे दोन नियम होते. पहिल्या नियमाची चर्चा फार झाली. परंतु माझ्या मतें या साऱ्या इतिहासाची किल्ली दुसऱ्या नियमांत आहे. या धंद्याचा व्याप केवढा होता हें पुढें न्यायालयांत उघड झालें: ॲप स्टोअरच्या एकंदर उत्पन्नापैकीं सुमारें शेंकडा ७० खेळांतून येत होतें, आणि तें देणारे लोक एकूण गिऱ्हाइकांत शेंकडा १० हूनहि कमी होते. त्यांत मुलेंहि होतीं. आईबापांच्या संमतीवांचून मुलांनीं केलेल्या अशा खरेदीबद्दल ॲपलला २०१४ सालीं अमेरिकेच्या व्यापार आयोगाशीं तडजोड करून निदान ३ कोटि २५ लक्ष डॉलर परत देण्याचें कबूल करावें लागलें.

आतां मुख्य झगड्याकडे वळूं. उत्तर कॅरोलिना संस्थानांतील केरी या गांवीं एपिक गेम्स नांवाची कंपनी आहे. टिम स्वीनी हे तिचे संस्थापक. तिचा ‘फोर्टनाइट’ हा खेळ २०१७ सालीं निघाला. खेळ फुकट, पण आपल्या पात्राला चढवावयाचे वेष वगैरे ‘व्ही-बक्स’ नांवाच्या कल्पित नाण्यांनीं घ्यावयाचे, आणि तीं नाणीं मात्र खऱ्या पैशांनीं. १३ ऑगस्ट २०२० रोजीं एपिकनें करार मोडून खेळांत दुसरी खिडकी उघडली: ॲपलच्या मार्गानें घ्याल तर १००० नाणीं ९.९९ डॉलरांस, थेट आमच्याकडून घ्याल तर ७.९९ डॉलरांस. त्याच दिवशीं ॲपलनें व गूगलनें हा खेळ आपापल्या दुकानांतून काढून टाकला, आणि त्याच दिवशीं एपिकनें दोघींवर फिर्यादी गुदरल्या. फिर्यादीचे कागद एका दिवसांत लिहून होत नाहींत. हें बंड ठरवून केलेलें होतें हें उघड आहे.

ॲपलवरील खटल्याची सुनावणी मे २०२१ मध्यें कॅलिफोर्नियांतील ओकलंड येथें न्यायाधीश इव्हॉन गोन्झालेझ रॉजर्स यांच्यापुढें झाली. अमेरिकेंत मक्तेदारीविरोधी कायद्याचा पाया १८९० च्या शर्मन कायद्यानें घातला गेला. वेशीच्या प्रश्नाला त्या कायद्यानें पूर्वींहि हात घातलेला आहे. सेंट लुई येथें मिसिसिपी नदीवरील पूल, नावा व रेल्वेचे तळ कांहीं आगगाडी-कंपन्यांच्या एका संघानें आपल्या मुठींत घेतले होते. १९१२ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें तो संघ मोडून टाकण्याऐवजीं, इतर कंपन्यांसहि वाजवी अटींवर वाट द्या, असें फर्माविलें. परंतु ॲपलचें म्हणणें असें कीं, आमचा पूल आम्हीं दुसऱ्याकडून विकत घेऊन बळकाविलेला नाहीं. फोन आमचा, दुकान आमचें, रखवाली आमची.

१० सप्टेंबर २०२१ रोजीं निकाल लागला. दहा मुद्द्यांपैकीं नऊ मुद्दे ॲपलच्या बाजूनें गेले. मोबाइल खेळांच्या व्यवहारांत ॲपलचा वांटा निम्म्याहून थोडा अधिक आहे, परंतु तेवढ्यावरून मक्तेदारी शाबीत होत नाहीं, असें न्यायाधीशबाईंनीं ठरविलें. करार मोडल्याबद्दल एपिकलाच भुर्दंड बसला: दुसऱ्या खिडकींतून आयफोनवर मिळविलेल्या सुमारें १ कोटि २२ लक्ष डॉलरांवर शेंकडा ३० भरा, असा हुकूम झाला. एपिकच्या पदरीं एकच मुद्दा पडला, आणि तोहि शर्मन कायद्याचा नव्हे, कॅलिफोर्नियाच्या स्थानिक कायद्याचा: बाहेर स्वस्त मिळतें हें गिऱ्हाइकाला सांगण्याची मनाई करणें अन्याय्य आहे. तेव्हां पुष्कळांनीं एपिक हरली असेंच म्हटलें. वरिष्ठ न्यायालयानें २०२३ सालीं हा निकाल कायम केला, आणि जानेवारी २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्यांत हात घालण्याचें नाकारलें.

येथून इतिहासाला विलक्षण वळण लागलें. ॲपलनें बाहेरचा दुवा देण्यास परवानगी दिली खरी. पण त्या दुव्यावरून बाहेर गेलेल्या गिऱ्हाइकाच्या खरेदीवरहि शेंकडा २७ ची पट्टी बसविली, आणि वाटेंत भिवविणाऱ्या सूचना उभ्या केल्या. कार्डावरून पैसे घेण्याचा खर्च रचणारास वेगळा पडतो. तो धरला म्हणजे बाहेर जाण्यांत कांहींच लाभ उरत नाहीं. वेस उघडली, पण वेशीबाहेरच्या रानांतहि नाकें बसविलें! चार वर्षांपूर्वीं ॲपलला नऊ मुद्दे देणाऱ्या त्याच न्यायाधीशबाईंनीं ३० एप्रिल २०२५ रोजीं कंपनीला न्यायालयाच्या बेअदबीबद्दल दोषी ठरविलें, तिच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यानें शपथेवर खोटें सांगितल्याचा ठपका ठेविला, आणि बाहेरच्या खरेदीवर पट्टी घेण्यास मनाई केली. मेच्या अखेरीपूर्वींच फोर्टनाइट अमेरिकेंतील आयफोनवर परतला. या आज्ञेवर पुढें अपील झालें. पण धडा व्हावयाचा तो होऊन गेला होता. जो मुद्दा सर्वांत क्षुल्लक म्हणून बाजूला पडला होता, त्यानेंच वेस हालविली.

गूगलच्या खटल्याची हकीकत याच्या उलट आहे. गूगलची पेठ दिसावयास अधिक मोकळी. अँड्रॉइड फोनवर दुसरें दुकान घालण्यास मुळांतच बंदी नव्हती. तरीहि सॅन फ्रान्सिस्को येथील पंचांनीं ११ डिसेंबर २०२३ रोजीं एकमतानें गूगलविरुद्ध कौल दिला. कारण असें कीं, ॲपल आपल्याच फोनांवर सत्ता चालवीत होती, तर गूगलला फोन तयार करणाऱ्या इतर कंपन्यांशीं व मोठ्या खेळ-निर्मात्यांशीं करार करून आपली सत्ता राखावी लागत होती. आणि असे करार पुराव्याच्या रूपानें मागें उरतात. ज्यानें दार कधीं उघडलेंच नाहीं तो सुटला, आणि ज्यानें उघडून मग लोटलें तो सांपडला, ही कायद्याची विसंगति विचारी वाचकाच्या मनाला टोंचल्यावांचून राहणार नाहीं.

इतर देशांनीं न्यायालयाची वाट न पाहतां कायदे केले. दक्षिण कोरियानें ऑगस्ट २०२१ मध्यें, एकाच पद्धतीनें पैसे घेण्याची सक्ति करण्यास प्रतिबंध करणारा जगांतील पहिला कायदा संमत केला. त्यावर गूगलनें दुसऱ्या पद्धतीला वाट दिली, पण आपली पट्टी केवळ चार टक्क्यांनीं उतरविली. युरोपीय संघाचा नवा कायदा या कंपन्यांवर मार्च २०२४ पासून लागू झाला, आणि सांगण्याच्या त्याच मनाईवरून एप्रिल २०२५ मध्यें ॲपलला ५० कोटि युरो दंड झाला. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगानें प्ले स्टोअरच्या पैसे घेण्याच्या नियमांवरून २५ ऑक्टोबर २०२२ रोजीं गूगलला ९३६.४४ कोटि रुपये दंड केला. अपिलांत मार्च २०२५ मध्यें तो सुमारें २१६ कोटींवर आला. मार्च २०२४ च्या आरंभीं पट्टीच्या वादावरून विवाह जुळविणारीं व नोकऱ्या सुचविणारीं कांहीं भारतीय ॲप्स या दुकानांतून एकाएकीं नाहींशीं झालीं होतीं, व सरकार मध्यें पडल्यावर परत आलीं. हा वाद परदेशांतील खेळगड्यांचा नाहीं, हें त्या चार दिवसांत आपल्या घराघरांत कळावयास हरकत नव्हती.

एपिकला या कथेंतील नायक समजणें मात्र भोळेपणाचें होईल. मुलांची माहिती परवानगीवांचून गोळा करणें आणि फसव्या मांडणीनें नकळत खरेदी घडविणें, या आरोपांवरून तिलाच डिसेंबर २०२२ मध्यें ५२ कोटि डॉलर देण्याचें मान्य करावें लागलें. वेशीवाला रखवालीचें निमित्त सांगतो तें सर्वस्वीं खोटें नसतें, तें असें. शिवाय एपिकसारख्या धनाढ्य कंपनीला पांच वर्षें झुंजतां आलें; एकट्यादुकट्या खेळ-निर्मात्याला तें कसें साधावें? त्याच्या वांट्याला जो लाभ आला तो आडवाटेनेंच आला: खटल्याचे ढग जमूं लागतांच ॲपलनें जानेवारी २०२१ पासून वर्षाला दहा लक्ष डॉलरांच्या आंत मिळकत असणाऱ्यांची पट्टी निम्म्यावर आणली.

मग या इतिहासाचें तात्पर्य काय? जकात किती असावी हें ठरविण्यास न्यायासन नेहमींच कचरत आलें आहे, आणि तें योग्यहि आहे. भाव ठरविणें हें न्यायाधीशाचें काम नव्हे. पण बाजार हा बाजार राहावयाचा असेल, तर पलीकडच्या गल्लींत भाव काय आहे हें गिऱ्हाइकाच्या कानावर जाऊं दिलें पाहिजे. वेस बांधणाराला त्याचें मोल मिळावें. परंतु वाटसरूशीं कोणीं बोलूं नये असा हुकूम काढण्याचा अधिकार त्या मोलांत येत नाहीं. नदीवर दुसरा पूल बांधण्यास वर्षें लागतात. दुसरा पूल आहे एवढें सांगण्यास एक वाक्य पुरतें. आणि वेशीवाल्यानें सर्वांत अधिक भय बाळगलें तें त्या एका वाक्याचेंच.