किरणोत्सर्गी बियांचा हिशेब

१/ प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावर तांदळाच्या दाण्याएवढ्या किरणोत्सर्गी बिया ग्रंथीतच कायमच्या रोवण्याची उपचारपद्धती आहे. या बियांचे पैसे रुग्णालयाला कसे द्यावेत, हा वाद अमेरिकेत थेट कायदेमंडळात पोहोचला. त्याचा हा इतिहास. #थ्रेड

२/ १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयात डॉ. विलेट व्हिटमोर आणि सहकाऱ्यांनी पोटावर छेद घेऊन आयोडीन-१२५च्या बिया रोवल्या. १९८३ मध्ये डेन्मार्कच्या डॉ. हान्स हेन्रिक होल्म यांनी अल्ट्रासाउंडच्या आधारे, छेद न घेता सुयांवाटे बिया सोडण्याची पद्धत मांडली. पुढे सिॲटलच्या डॉक्टरांनी ती अमेरिकेत रुजवली.

३/ या उपचाराला दोन तज्ज्ञ लागतात. मूत्ररोगतज्ज्ञ सुया घालतो, किरणोपचारतज्ज्ञ बियांचे काम पाहतो. बिलातही हीच विभागणी उतरली. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या ‘सीपीटी’ संकेतावलीत सुयांचा कोड ५५८७५, तर बिया बसवण्याचा ७७७७८.

४/ खरा पेच मात्र बियांच्या किमतीचा होता. ग्रंथी लहान असेल तर बिया कमी, मोठी असेल तर जास्त. कुणाला ५०-६० पुरतात, कुणाला १००हून अधिक लागतात. शिवाय बी कधी आयोडीनची, कधी पॅलेडियमची.

५/ ‘मेडिकेअर’ ही प्रामुख्याने ज्येष्ठांसाठीची सरकारी विमा योजना. ऑगस्ट २००० पासून तिने बाह्यरुग्ण सेवांचे दर आगाऊ ठरवले. २००३ साठी तर बियांसह संपूर्ण उपचाराचे दोनच एकत्रित कोड केले: एक आयोडीनचा, एक पॅलेडियमचा.

६/ सरासरीवर बेतलेल्या अशा दरात ज्याला जास्त बिया लागतात, तो रुग्ण रुग्णालयाच्या हिशेबी तोट्याचा ठरतो. दराच्या रचनेतच उपचार टाळण्याचा मोह दडलेला असतो.

७/ डिसेंबर २००३च्या मेडिकेअर सुधारणा कायद्याने हे बदलले. २००४ पासून बियांचे पैसे स्वतंत्रपणे, त्यांची संख्या, समस्थानिक आणि किरणोत्सर्गाची तीव्रता लक्षात घेऊन देणे बंधनकारक झाले. ते एकत्रित कोड रद्द झाले.

८/ २००८ मध्ये एकत्रीकरण पुन्हा आले, पण मर्यादित. ५५८७५ आणि ७७७७८ ही कामे एकाच दिवशी झाल्यास रुग्णालयाला दोन्हींचा मिळून एकच दर. बिया मात्र वेगळ्याच मोजल्या गेल्या.

९/ बिलाचा कोड वरवर कारकुनी वाटतो. प्रत्यक्षात एका रुग्णाची गरज सरासरीत बुडवायची की स्वतंत्रपणे मोजायची, याचा निर्णय त्या पाच आकड्यांत होत असतो.