विद्यार्थ्यांची निवडणूक आणि पंच

निवडणूक नीट झाली कीं नाहीं, हें हरलेल्या उमेदवारास विचारावें. जिंकलेल्याची साक्ष येथें कामाची नाहीं. कोल्हापूरच्या वाचकांस हें निराळें समजावून सांगण्याचें कारण नाहीं. शाहू महाराजांच्या कारकीर्दींत, १९१२ सालीं पुऱ्या झालेल्या खासबाग मैदानांत पंच हा दोहोंपैकीं एका तालमीचा निघाला, तर चीतपट झालेली कुस्तीही वादांत पडते. विद्यापीठांतील विद्यार्थ्यांच्या निवडणुकींतही अडचण मुख्यतः या पंचाचीच आहे, असें तिचा इतिहास पाहतां आम्हांस वाटतें.

शिवाजी विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ रोजीं स्थापन झालें, डॉ. आप्पासाहेब पवार हे त्याचे पहिले कुलगुरु. पुढील काळांत महाराष्ट्रांतील महाविद्यालयीन निवडणुकांत राजकीय पक्ष, पैसा व मनगटशाही शिरली. १९८९ सालीं मुंबईंत तर निवडणुकीच्या वैरांतून एका विद्यार्थ्याचा खून झाला. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानें यावर उपाय केला, पण त्यांत रोगाबरोबर रोगीही गेला. आदल्या परीक्षेंत जो गुणांनीं वर्गांत श्रेष्ठ, तोच वर्गाचा प्रतिनिधि ठरूं लागला, आणि या प्रतिनिधींनीं आपल्यांतून सचिव निवडावा, एवढेंच काय तें मतदान उरलें. गणितांत पहिला येणारा मुलगा वसतिगृहांतील पाण्याची तक्रारही धीटपणें मांडील, असें या योजनेंत गृहीत धरलेलें होतें!

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्र सरकारनें २००५ सालीं माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम्. लिंगडोह यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली. तिच्या शिफारशी न्यायालयानें २००६ च्या सप्टेंबरांत लागू केल्या. उमेदवाराच्या खर्चास ५,००० रुपयांची मर्यादा, हजेरी किमान ७५ टक्के, आणि अर्जापासून निकालापर्यंतचें सारें काम १० दिवसांत पुरें, असे तिचे नियम होते. तक्रारी ऐकण्यासाठीं सुचविलेल्या कक्षांत अधिष्ठाता, एक अध्यापक व एक अधिकारी असे तिघे वडीलधारे, आणि शेवटच्या वर्षाचे दोन विद्यार्थी, एक मुलगा व एक मुलगी, ठेवले होते. म्हणजे पंचांत विद्यार्थ्यांस जागा मिळाली, परंतु बहुमत मिळालें नाहीं.

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठांत याहून निराळी रीत पडली होती. तेथें विद्यार्थ्यांचीच निवडणूक समिति अर्ज तपाशीत असे, सभा भरवीत असे व मतें मोजीत असे. लिंगडोह नियमांशीं मेळ न बसल्यामुळें न्यायालयानें २००८ च्या ऑक्टोबरांत तेथील निवडणूक थांबविली. २०१२ च्या मार्चांत ती पुन्हा झाली, तेव्हांही समिति विद्यार्थ्यांचीच होती.

महाराष्ट्रांत २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानें विद्यार्थ्यांचा थेट मतदानाचा हक्क परत दिला. २०१९ सालीं निवडणुकीचें वेळापत्रकही निघालें. पण विधानसभेची निवडणूक आड आली व तें पुढें ढकललें गेलें. पाठोपाठ महासाथ आली.

दिल्लीची रीत कोल्हापुरास कशी लागू पडेल, अशी शंका कोणी काढील. तेथील विद्यार्थी एका आवारांत राहतात. आमच्या विद्यापीठाचीं महाविद्यालयें कोल्हापूर, सांगली व सातारा या तीन जिल्ह्यांत पसरलीं आहेत. ही शंका रास्त आहे, आणि म्हणूनच समिति एक नसून महाविद्यालयागणिक असावी. परंतु 'मुलें पक्षपाती, अध्यापक तेवढे निःपक्षपाती' हा दुसरा आक्षेप आम्ही स्वतः अध्यापक असूनही मान्य करीत नाहीं. या जिल्ह्यांत शिक्षणसंस्थेचे चालक व राजकारणांतील पुढारी पुष्कळदां एकच असतात. त्यांच्या पगारावर असलेल्या माणसानें त्यांच्या गटाविरुद्ध निकाल द्यावा, ही अपेक्षा थोड्यांकडूनच पुरी होईल. आणि ज्यानें ती पुरी केली, त्याच्यावरही हरलेला विश्वास ठेवणार नाहीं.

यास्तव शेवटच्या वर्षांतील विद्यार्थ्यांतून चिठ्ठ्या टाकून समिति निवडावी. तिच्या सभासदानें त्या वर्षीं उमेदवार होऊं नये, कोणाचा प्रचारही करूं नये. उमेदवारांचे हिशेब फलकावर लागावे, व मोजणी सर्व उमेदवारांच्या समक्ष व्हावी. अध्यापकानें तेथें बसावें तें साक्षीदार म्हणून. उमेदवार होण्यास उत्साह पुरतो. पण मित्र चार मतांनीं पडला हें मोजून त्याच्याच तोंडावर सांगण्यास निराळें धैर्य लागतें. हें धैर्य विशींत अंगीं बाणलें, तर पुढें ग्रामपंचायतींत, साखर कारखान्यांत व सहकारी बँकेंत त्याची गरज पडेल तेव्हां तें उसनें आणावें लागणार नाहीं.