अवटुविकार : उपवास व आहार

गळ्याच्या पुढील भागी श्वासनलिकेला दोन्ही बाजूंनी बिलगून असलेली आणि प्रौढ माणसात सुमारे १५ ते २० ग्रॅम भरणारी अवटु ग्रंथी, जिला आज खेड्यापाड्यांतही थायरॉइड याच नावाने ओळखतात, ती आपल्या स्रावाने शरीराची ऊब, हृदयाची गती, आतड्यांची हालचाल आणि खाल्लेल्या अन्नाचा विनियोग या सर्वांवर अंमल चालवीत असल्यामुळे, तिच्यात बिघाड झालेल्या माणसाने उपाशी राहावे की नाही हा प्रश्न केवळ श्रद्धेचा किंवा केवळ हौसेचा राहत नाही. स्राव अपुरा पडला म्हणजे अवटुन्यूनता होते : थंडी सोसत नाही, त्वचा कोरडी पडते, मलावरोध जडतो, अंगावर सूज व आळस येतो. स्राव वाजवीपेक्षा अधिक झाला म्हणजे अवटु-अतिरेक होतो : छाती धडधडते, हात कापतात, घाम फुटतो आणि भरपूर खाऊनही माणूस वाळत जातो. आहाराच्या बाबतीत हे दोन विकार परस्परांच्या उलट दिशेला असल्यामुळे ‘थायरॉइडचे पथ्य’ म्हणून जी एकच यादी सर्रास हाती दिली जाते, ती दोहोंपैकी एकाला तरी हमखास गैरलागू ठरते. भारतातील आठ ठिकाणी, ज्यांत मुंबई व गोवा यांचाही समावेश होता, झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रौढांपैकी सुमारे ११ टक्के लोकांत अवटुन्यूनता आढळली. एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार आणि नवरात्र पाळणाऱ्या समाजात हा आकडा लक्षात घेता, थायरॉइडची गोळी आणि उपवास यांची गाठ कोणत्या तरी घरात रोज पडत असणार हे उघड आहे.

अवटु ग्रंथी फुगून होणाऱ्या गलगंडाचे वर्णन सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात आलेले आहे आणि चरकसंहितेने लंघनाच्या दहा प्रकारांत उपवासाची गणना केलेली आहे. तथापि या दोन विषयांचा परस्परसंबंध कळून येण्यास विसावे शतक बरेच पुढे सरकावे लागले. इंग्लंडात जॉर्ज मरे यांनी १८९१ साली मेंढीच्या अवटु ग्रंथीचा अर्क टोचून अवटुन्यूनतेने जर्जर झालेल्या एका स्त्रीला बरे केले आणि ती पुढे २८ वर्षे जगली. एडवर्ड केंडल यांनी अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये १९१४ च्या डिसेंबरात थायरॉक्सिन हा स्राव शुद्ध रूपात वेगळा काढला. आणि हॅरिंग्टन व बार्जर यांनी १९२७ साली तो प्रयोगशाळेत घडविला. सकाळी घेतली जाणारी लेव्होथायरॉक्सिनची इवलीशी गोळी ही या परंपरेची आजची परिणती होय. ग्रंथीने जे काम आपसूक करावयाचे ते आता पोटातून रक्तात जाणाऱ्या या गोळीकडे सोपविलेले असल्यामुळे, पोटात त्या वेळी दुसरे काय आहे, यास अवटुन्यूनतेच्या रोग्याच्या बाबतीत असाधारण महत्त्व येते.

अनशनाचा या ग्रंथीच्या व्यवहारावर होणारा परिणाम १९७० नंतरच्या दशकात नीटपणे उलगडला. ग्रंथी मुख्यत्वे टी-४ म्हणजेच थायरॉक्सिन हा स्राव तयार करते. त्याचे रूपांतर यकृत, मूत्रपिंड आदी अवयवांत टी-३ या अधिक प्रभावी रूपात होते, आणि शरीरातील टी-३ पैकी सुमारे ८० टक्के भाग अशा रूपांतरानेच उपलब्ध होतो. अन्न बंद झाले की एकदोन दिवसांतच हे रूपांतर मंदावते, टी-३ घसरू लागतो, संपूर्ण अनशन काही दिवस चालले तर तो जवळजवळ निम्म्यावर येतो, आणि त्याच वेळी रिव्हर्स टी-३ नावाचे निष्क्रिय रूप वाढते. मात्र टी-४ बहुधा जागेवर राहतो आणि अवटु ग्रंथीला चेतविण्यासाठी पिट्यूटरी ग्रंथीकडून सुटणारा टीएसएच फारसा वर चढत नाही. अवर्षणाच्या वर्षी जाणता शेतकरी घरखर्चाला आवर घालून बियाणे राखतो, त्याच न्यायाने शरीर येथे आपला खर्च कमी करीत असते, आणि म्हणून या घसरणीला रोग समजून गोळीची मात्रा वाढविणे अनुचित होय. पिष्टमय अन्न पोटात जाताच टी-३ पुन्हा चढू लागतो. एका दिवसाच्या एकादशीने किंवा सोळा तास न खाता आठ तासांत जेवणे उरकण्याच्या, म्हणजे खंडित उपवासाच्या, अलीकडच्या प्रघाताने हा बदल अल्प असतो. दिवसाआड उपवास करणाऱ्या निरोगी माणसांतही टी-३ खालच्या अंगाला सरकला तरी ग्रंथीचे कार्य बिघडल्याचे दिसलेले नाही. उपवासाने अवटुविकार जडतो ही भीती त्यामुळे निराधार आहे, आणि उपवासाने तो बरा होतो व गोळी सुटते हा प्रचार तितकाच निराधार असून परिणामी अधिक घातक आहे. कारण ज्याची ग्रंथी स्वतःच्याच प्रतिकारशक्तीच्या हल्ल्याने नष्ट झाली, म्हणजे १९१२ साली हाशिमोटो यांनी ज्या विकाराचे वर्णन केले तो ज्याला झाला, त्याची गेलेली ग्रंथी कोणत्याही लंघनाने परत येत नाही.

गोळीचा दस्तूर असा, की ती रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावी, किंवा रात्री शेवटच्या जेवणानंतर किमान तीन तासांनी निजतेवेळी घ्यावी. चहा-कॉफी, दूध व सोयाबीनचे पदार्थ तिच्यापासून दूर ठेवावेत, आणि कॅल्शियम व लोह यांच्या गोळ्या तर चार तासांच्या अंतरानेच घ्याव्यात, कारण हे क्षार आतड्यातच थायरॉक्सिनला बांधून टाकतात. या दृष्टीने पाहता उपवासाची सकाळ ही गोळीला सर्वांत अनुकूल अशी वेळ होय. अडचण येते ती अन्यत्र. उपवासाच्या दिवशी पहाटे उठल्याबरोबर आधाराला म्हणून घेतलेला दुधाचा चहा गोळीच्या मागोमाग पोटात जातो. नवरात्रात केवळ दूध-फळांवर राहणाऱ्यांचे दूध दिवसभर चालू असते. रात्री गोळी घेणाऱ्यांना संकष्टीस चंद्रोदयानंतर उशिरा जेवण होत असल्यामुळे तीन तासांचे अंतर साधत नाही, आणि अशांनी त्या दिवसापुरती गोळी दुसऱ्या पहाटेवर नेणे श्रेयस्कर. सर्वांत खेदाची गोष्ट म्हणजे हरितालिकेसारख्या निर्जळी व्रतात घोटभर पाणी नको म्हणून पुष्कळ स्त्रिया गोळीच टाळतात. थायरॉक्सिन रक्तात निम्मे होण्यास सुमारे सात दिवस लागत असल्यामुळे एका दिवसाची मात्रा चुकल्याने तत्काळ काही बिघडत नाही, हे खरे. परंतु महिन्यातील प्रत्येक व्रताला तीच सबब लागू झाली, की काही महिन्यांत टीएसएच चढतो आणि डॉक्टर बिचारे मात्रा वाढवीत राहतात. धर्मशास्त्राच्या निबंधग्रंथांनी व्रतभंग न करणाऱ्या ज्या आठ गोष्टी सांगितल्या, त्यांत पाणी, कंदमुळे, फळे व दूध यांच्याबरोबर औषधही गणलेले आहे. ही मुभा घरोघरी सांगितली जावी असे प्रस्तुत लेखकास मनापासून वाटते.

उपवासाच्या ताटातील सर्वांत दुर्लक्षित पदार्थ म्हणजे मीठ. अवटुस्राव घडविण्यास आयोडीन अपरिहार्य असून प्रौढाला दररोज सुमारे १५० मायक्रोग्रॅम व गर्भवतीला २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून आयोडीनयुक्त मिठाचा जो प्रयोग केला, त्यात गलगंडाचे प्रमाण ठळकपणे घटले. त्याच्या आधारावर १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि थेट खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यास २००६ पासून देशभर मनाई झाली. कारखान्यातून निघताना मिठात दशलक्ष भागांस ३० आणि गिऱ्हाइकाच्या हाती पोचताना किमान १५ भाग आयोडीन असावे, असा दंडक आहे. आता अनेक घरांत उपवासाला चालते ते सैंधव, आणि खाणीतून निघणाऱ्या या मिठात मुद्दाम मिसळल्याखेरीज आयोडीन जवळजवळ नसतेच. महिन्यातून दोनचार दिवस सैंधव खाल्ल्याने हानी नाही. पण ते ‘नैसर्गिक’ म्हणून बारमाही वापरात आणले, आणि कोकण-गोव्याकडे श्रावणात मासळीही वर्ज्य झाली, तर आयोडीन येण्याच्या वाटा एकदमच अरुंद होतात. उलटपक्षी, आयोडीन चांगले म्हणून समुद्रशैवालाच्या वड्या वा आयोडीनचे थेंब स्वतःच्या मनाने घेणे अपायकारक आहे, कारण अतिरिक्त आयोडीनने दोन्ही प्रकारचे विकार चिघळतात. विशेष हे, की अवटु ग्रंथीच्या कर्करोगात किरणोत्सारी आयोडीन देण्यापूर्वी रोग्याला एकदोन आठवडे आयोडीन मुद्दाम कमी ठेवावे लागते आणि तेव्हा हेच आयोडीनविरहित सैंधव पथ्य ठरते. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या, मुंबईत परळ येथे १९६३ साली स्थापन झालेल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये असे उपचार होत आले आहेत.

साबुदाण्याविषयी बरेच प्रवाद आहेत. तो टॅपिओकाच्या कंदापासून, मुख्यतः तमिळनाडूतील सेलम भागात, तयार होतो. या कंदात सायनाइड सोडणारे द्रव्य असते, शरीरात त्यापासून बनणारे थायोसायनेट आयोडीनची वाट अडविते, आणि आफ्रिकेतील काँगोच्या प्रदेशात जेथे हा कंद नीट न भिजवता रोजचे अन्न म्हणून खात आणि जमिनीत आयोडीनही तुटपुंजे, तेथे त्याने गलगंड बळावल्याचे सिद्ध झालेले आहे. साबुदाणा करताना मात्र कंद सोलून, किसून, धुऊन त्याचे सत्त्व तेवढे घेतात व ते भाजतात. त्यात हे द्रव्य बहुतांशी निघून जाते. साबुदाण्यावर खरा आक्षेप घ्यावयाचा तो असा, की तो निव्वळ पिष्ट आहे, त्यात प्रथिने व तंतू नाममात्र. आणि आधीच मलावरोध व वाढलेले कोलेस्टेरॉल असलेल्या अवटुन्यूनतेच्या रोग्याने तूप-दाण्याच्या कुटासह बशीभर खिचडी तिन्ही वेळा खाल्ली, तर त्याला उपवास म्हणणे कठीण. राजगिरा, रताळे, शिंगाडा, ताक, फळे आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे यांनी तोच दिवस अधिक सुसह्य होतो; राजगिऱ्यात कॅल्शियम विपुल असल्यामुळे तो गोळीपासून चार तास दूर ठेवणे बरे.

कोबी, फुलकोबी, मुळा, मोहरी यांच्यावरील बहिष्काराचा उगम १९२८ साली बाल्टिमोर येथे सशांना केवळ कोबीवर ठेवले असता त्यांना गलगंड झाल्याच्या निरीक्षणात आहे. सशाचा तो आहार आणि आपली वाटीभर शिजविलेली भाजी यांत तारतम्य राखले पाहिजे. कच्ची पाकचोय (चिनी कोबी) रोज किलोभर, कित्येक महिने खाणारी एक वृद्धा अवटुन्यूनतेने बेशुद्ध झाल्याचे २०१० साली नोंदले गेले. ते अतिरेकाचे उदाहरण आहे, कोबीच्या भाजीचे नव्हे. शिजविण्याने या भाज्यांतील दोषकारक घटक बराच नष्ट होतो. बाजरीतील काही रंजकद्रव्ये ग्रंथीला अडथळा करतात हे सुदानातील अभ्यासाने दाखविले आहे. पण आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्याने संक्रांतीची बाजरीची भाकरी सोडण्याचे कारण नाही. गहू वर्ज्य करण्याचा सल्लाही फक्त ज्यांना सीलिॲक हा आतड्याचा विकार आहे त्यांनाच लागू आहे. हाशिमोटो-विकारात तो इतरांपेक्षा अधिक आढळतो, म्हणून शंका आल्यास तपासणी करावी.

खंडित उपवासाकडे बहुतेक लोक वळतात ते वजनासाठी. अवटुन्यूनतेने वाढणारे वजन बहुधा २ ते ५ किलोग्रॅम असते व त्यातील पुष्कळसा भाग क्षार व पाण्याचा असतो; गोळी योग्य मात्रेत सुरू झाली की तेवढे उतरते, आणि उरलेल्या वजनाचा हिशेब इतर माणसांप्रमाणेच आहार व श्रम यांच्याशी लागतो. महाराष्ट्रात नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघरी पोचविलेली, कडक भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच व प्रत्येकी ५५ मिनिटांत जेवण्याची पद्धती पुष्कळांच्या अंगवळणी पडली आहे. ज्याची मात्रा स्थिर आहे आणि टीएसएच मर्यादेत आहे अशा प्रौढाला ती पाळण्यास ग्रंथीकडून मज्जाव नाही. मात्र ज्याची अवटुन्यूनता नुकतीच निदान झाली, ज्याचे हृदय दुर्बल आहे, ज्याला मधुमेहासाठी इन्सुलिन वा तत्सम औषध चालू आहे, किंवा अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीही थकलेली आहे, त्याने आधी औषधाचा बंदोबस्त करावा व उपवासाचा विचार मागाहून.

अवटु-अतिरेकात उपवासाला जागा नाही. शरीर आधीच स्नायू जाळीत असते, घामाने पाणी जात असते, आणि निर्जळीने हृदयावरील ताण वाढतो. येथे पथ्य म्हणजे पुरेसे अन्न, प्रथिने व दूधदुभते, हेच होय. आशियाई पुरुषांत या विकारात एक विलक्षण धोका आढळतो : दीर्घ उपवासानंतर गोडधोड व भाताचे भरपेट जेवण झाले असता रक्तातील पोटॅशियम एकाएकी पेशींत शिरून हातापायांना लुळेपणा येतो. पारण्याच्या दुसऱ्या पहाटे पाय उचलेनासा झाला तर अशक्तपणा समजून घरी पडून न राहता तत्काळ रुग्णालय गाठावे.

रमजानात रोजा ठेवणाऱ्यांनी सहरीच्या अर्धा तास आधी किंवा इफ्तारनंतर पुरेसा अवधी सोडून निजतेवेळी गोळी घ्यावी. या महिन्यानंतर टीएसएच थोडासा चढलेला आढळतो, आणि त्याचे कारण उपवासापेक्षा रात्रीच्या खाण्याशी गोळीची जवळीक हेच अधिक संभवते. गर्भवतीची थायरॉक्सिनची गरज आरंभीच्या आठवड्यांतच पाव ते निम्म्याने वाढत असल्यामुळे तिने व्रतासाठी गोळी चुकवू नये आणि लांब उपवासही करू नये. मात्रा बदलल्यावर टीएसएचची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करतात. हा आकडा पहाटे अधिक व दुपारी, विशेषतः जेवणानंतर, कमी असतो. म्हणून दर वेळी रक्त एकाच सुमारास, त्या दिवशीची गोळी घेण्यापूर्वी द्यावे, आणि केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असल्यास त्या दोन दिवस आधी थांबवाव्यात, कारण त्यांच्यामुळे निरोगी माणसाचाही अहवाल अवटु-अतिरेकाचा दिसू शकतो.