जाळायचा राहून गेलेला ड्रॅक्युला

गेल्या दिवाळीत बाबांना एक जुनं मराठी नाटक पाहायचं होतं. त्याची व्हीसीडी कधीकाळी दुकानात मिळायची. आता व्हीसीडी नाही आणि ते दुकानही नाही. ओटीटीवर, यूट्यूबवर कुठेच नव्हतं. शेवटी टेलिग्रामवर सापडलं. टीव्हीला जोडून लावलं, तर बाबा म्हणाले, "चोरीचं नाही ना रे हे?" चोरीचंच होतं. आम्ही दोघांनी शेवटपर्यंत पाहिलं.

तेव्हापासून डोक्यात 'नोस्फेराटू' घोळतोय.

१९२२ साली प्राना फिल्म नावाच्या नवख्या जर्मन कंपनीने हा मूकपट काढला. दिग्दर्शक एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ. गोष्ट ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'ची, पण हक्क घेतलेच नव्हते. काउंट ड्रॅक्युलाचा काउंट ऑरलॉक केला, पात्रांची नावं बदलली; आणि गंमत म्हणजे श्रेयनामावलीत स्टोकरच्या कादंबरीचा उल्लेख तसाच ठेवला! म्हणजे ज्या चित्रपटाबद्दल आपण बोलतोय, तो मुळात स्वतःच पायरेटेड.

स्टोकर १९१२ मध्येच वारला होता. त्याची पत्नी फ्लोरेन्स हिच्याकडे पैसा बेताचाच होता आणि 'ड्रॅक्युला'चे हक्क ही तिची मोठी मिळकत. ती ब्रिटनमधल्या लेखकांच्या संघटनेकडे गेली आणि खटला उभा राहिला. तोवर प्रानाचं दिवाळं वाजलेलं, त्यामुळे भरपाई वसूल करणार कुणाकडून? शेवटी १९२५ मध्ये जर्मन न्यायालयाने निकाल दिला: निगेटिव्ह आणि सगळ्या प्रिंट नष्ट करा.

इंटरनेटवर ही गोष्ट सांगताना फ्लोरेन्सला खलनायिका करतात. मला ते पटत नाही. तिच्या नवऱ्याचं पुस्तक न विचारता वापरलं होतं आणि तिच्या हाती एक पैसाही आला नव्हता. तिच्या जागी मी असतो तरी कोर्टात गेलो असतो.

पण काही प्रिंट तोवर देशाबाहेर गेल्या होत्या. त्या कुणीतरी जपल्या, कापल्या, पाट्या बदलून पुन्हा दाखवल्या. मूळ निगेटिव्ह आज नाही. आपण पाहतो तो 'नोस्फेराटू' अशा वाचलेल्या प्रिंटमधून जुळवलेला आहे. न्यायालयाचा हुकूम तंतोतंत पाळला गेला असता, तर भयपटांच्या इतिहासाचं एक पानच उरलं नसतं.

आता आपल्याकडे बघा. 'आलम आरा', १९३१, भारताचा पहिला बोलपट. तो जाळा असा हुकूम कुणीच दिला नव्हता. तरी आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चाही काही भागच उरलाय. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आलं १९६४ साली, तोवर नायट्रेटच्या किती फिल्म सडल्या, जळल्या, चांदीसाठी वितळवल्या गेल्या. आमच्या धंद्यात एकाच सर्व्हरवर एकच कॉपी ठेवणाऱ्याला शिव्या पडतात. इथे अख्ख्या सिनेमाचा कारभार तसा चालला होता.

शुक्रवारी लागलेला सिनेमा शनिवारी फोनवर उतरवणं वेगळं. तिथे तिकीट खिडकी उघडी असते. बाबांच्या नाटकाची खिडकीच बंद आहे. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षं चालतो. तितकी वर्षं त्या व्हीसीडीची चकती तरी टिकते का?

त्या नाटकातल्या नटांना माझ्या पाहण्यातून काहीच मिळालं नाही, हेही खरंच आहे. ते उद्या कुठे विकत मिळालं तर मी घेईन. फाइल मात्र दोन हार्ड डिस्कवर ठेवली आहे. तिसरी कॉपी बाबांनी मागून घेतली.