गाळातले विमान

मंडळी, विमानाचा इतिहास सांगू लागले म्हणजे व्याख्याते बहुधा आकाशाकडे बोट दाखवितात. मी आज आपल्याला जमिनीवर, किंबहुना जमिनीवरच्या चिखलात नेणार आहे. माझे शिक्षण थोडे शाळेत आणि पुष्कळसे युनियनच्या वाचनालयात झाले. त्यामुळे एखादे यंत्र दिसले की ते कोणी घडविले, कोणी सांभाळले आणि मोडल्यावर कोणी उचलले, हे प्रश्न मला आधी सुचतात.

जगातले पहिले विमान सरकारी नव्हते. अमेरिकेच्या ओहायो राज्यातील डेटन गावी सायकलींचे दुकान चालविणाऱ्या विल्बर आणि ऑर्व्हिल राइट या दोन भावांची ती खाजगी चीज होती. त्याच सुमारास प्राध्यापक लँग्ले यांच्या यंत्रासाठी अमेरिकेच्या युद्धखात्याने पन्नास हजार डॉलर दिले होते, आणि ते यंत्र दोनदा नदीत कोसळले. राइट बंधूंचा सारा खर्च हजार डॉलरांच्या आत होता. त्यांच्या विमानाचे इंजिन दुकानातील चार्ली टेलर नावाच्या कामगाराने लेथ, ड्रिल आणि हातहत्यारे एवढ्यांवर सहा आठवड्यांत उभे केले.

१७ डिसेंबर १९०३ रोजी हे विमान चार वेळा उडाले. शेवटचे उड्डाण ५९ सेकंदांचे आणि ८५२ फुटांचे. नंतर वाऱ्याच्या झोताने ते उलटेपालटे झाले, मोडले आणि पुन्हा कधी उडाले नाही. त्याचे तुकडे खोक्यांत भरून डेटनला आणले आणि दुकानामागच्या शेडमध्ये ठेवून दिले. जुन्या यंत्राचे कौतुक करायला राइट बंधूंना तरी सवड कुठे होती? १९०० साली त्यांनी बनविलेले ग्लायडर तर त्यांनी समुद्रकाठीच सोडून दिले होते, आणि त्याच्या कापडाचे फ्रॉक तिथल्या एका गृहिणीने आपल्या मुलींना शिवले होते. १९०४ चे विमान मोडून जाळले गेले. कारागीर पुढच्या कामाकडे पाहतो. मागचे काम अडगळीत जाते.

मार्च १९१३ मध्ये तीन दिवस मुसळधार पाऊस झाला. डेटन हे ग्रेट मायामी नदीवरचे गाव. स्टिलवॉटर आणि मॅड या नद्या तिथेच तिला मिळतात. २५ मार्चला सकाळी बांध फुटले. भर पेठेत वीस फुटांपर्यंत पाणी चढले, गॅसच्या नळ्या फुटून आगी लागल्या, माणसे माळ्यांवर आणि छपरांवर अडकली. संपूर्ण खोऱ्यात तीनशेहून अधिक बळी गेले.

विल्बर आदल्या वर्षीच, १९१२ साली, विषमज्वराने वारला होता. ऑर्व्हिल आणि त्याची बहीण कॅथरीन घर सोडून निघाले. मागे राहिलेली विमानाची खोकी अकरा दिवस पाण्यात आणि गाळात पडून होती. उड्डाणांच्या छायाचित्रांच्या काचेच्या पट्ट्याही भिजल्या. पहिल्या उड्डाणाच्या सुप्रसिद्ध छायाचित्राच्या काचेचा कोपरा तेवढा बिघडला. विमान, धावपट्टी आणि बाजूला धावणारा विल्बर शाबूत राहिले. पाणी आणखी थोडे जोरात असते, तर माणूस प्रथम उडाला याचा पुरावा पाहायला आपल्याजवळ काय उरले असते?

त्या पुरात गाव कोणी वाचविले, तेही सांगितले पाहिजे. नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीचा मालक जॉन पॅटरसन याच्या कारखान्यातील सुतारांनी सपाट बुडाच्या सुमारे तीनशे होड्या भराभर ठोकून काढल्या. उंचावरचा तो कारखाना बेघरांचे आश्रयस्थान झाला. याच कारखान्यात १९०१ साली कामगारांशी मोठा झगडा होऊन टाळे लागले होते, आणि पुराच्या आदल्याच महिन्यात मक्तेदारीच्या खटल्यात पॅटरसनला एक वर्षाची कैद सुनावली गेली होती. ती शिक्षा पुढे अपिलात रद्द झाली. मालकाचा गौरव पुष्कळ झाला, आणि त्यातला काही वाजवीही होता. पण होडी मालकाच्या हुकमाने तरंगत नाही, सुताराच्या सांध्याने तरंगते.

पूर ओसरल्यावर गावकऱ्यांनी वर्गणी सुरू केली. 'माळ्यावर दिलेली वचने विसरू नका,' ही त्या मोहिमेची हाक होती. मृत्यू समोर असताना माणसे जे बोलली, ते कोरड्या जमिनीवर पाळायचे होते, आणि त्यांनी ते पाळले. वीस लाखांवर डॉलर जमले. आर्थर मॉर्गन या इंजिनियराने पाच कोरडी धरणे आखली. ही धरणे एरवी रिकामी असतात. नदी तळातल्या बोगद्यांतून नेहमीसारखी वाहते. पूर आला तर बोगद्यांतून मावेल तेवढेच पाणी पुढे जाते, बाकीचे मागच्या शेतांत तुंबते आणि सावकाश ओसरते. १९१३ च्या पुराहून चाळीस टक्के अधिक पाण्याचा हिशेब त्यात धरला होता. मजुरांच्या कुटुंबांसाठी कामाच्या जागी घरे आणि शाळा बांधल्या गेल्या. १९२२ साली काम पुरे झाले, आणि तेव्हापासून डेटन पुन्हा तसे बुडाले नाही. आपल्याकडे १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासला, आणि पुण्याच्या नदीकाठचे संसार वाहून गेले. ज्यांनी ते पाहिले, त्यांना गावाच्या वरच्या अंगाला उभ्या असलेल्या भिंतीची किंमत वेगळी सांगायला नको.

आता ती खोकी. १९१६ साली ती उघडून ऑर्व्हिलने दुरुस्ती केली आणि विमान मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेतील प्रदर्शनात मांडले. क्रँकशाफ्ट आणि फ्लायव्हील मात्र नव्हते. ते १९०६ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाला पाठविले होते, ते परतलेच नाहीत. म्हणजे पुराने जे नेले नाही, ते एका प्रदर्शनाने नेले! पुढे पहिल्या विमानाचा मान कोणाचा, यावरून स्मिथसोनियन संस्थेशी वाद झाला आणि १९२८ साली विमान लंडनच्या सायन्स म्युझियमला गेले. संस्थेने १९४२ साली आपली बाजू मागे घेतली. १७ डिसेंबर १९४८ रोजी विमान वॉशिंग्टनला विराजमान झाले. ते पाहायला ऑर्व्हिल नव्हता. ज्या दिवशी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली, त्याच ३० जानेवारी १९४८ रोजी तो वारला होता.

आणि चार्ली टेलर? बरोबर आठ वर्षांनी, ३० जानेवारी १९५६ रोजी, तो कॅलिफोर्नियात वारला. म्हातारपणी त्याची ओढगस्तच होती. ऑर्व्हिलने मृत्युपत्रात त्याच्यासाठी वर्षाला आठशे डॉलर ठेवले होते, तेवढाच काय तो आधार. त्याने घडविलेले इंजिन गाळातून बाहेर निघाले, काचेआड गेले, जगाने त्याला मुजरा केला. घडविणारा हात मात्र बराच काळ अडगळीतच राहिला.

यंत्र जतन करणे चांगलेच आहे, मंडळी. पण पुरातून काय वाचवायचे, याची यादी करताना कारागिराचे नाव वरच्या ओळीत असावे, एवढेच माझे मागणे आहे. गाळ धुऊन काढता येतो. विसरलेले नाव धुऊन निघत नाही; ते पुन्हा लिहावेच लागते.