टायगर मॉथची उडती प्रतिकृती

टायगर मॉथची उडती प्रतिकृती म्हणजे डी हॅविलँड कंपनीच्या टायगर मॉथ या जुन्या दुपंखी प्रशिक्षण विमानाचे ठरावीक प्रमाणात लहान केलेले, रेडिओ नियंत्रणाने प्रत्यक्ष उडणारे रूप होय. मूळ विमानाचे पहिले उड्डाण २६ ऑक्टोबर १९३१ रोजी झाले आणि पुढे अशी आठ हजारांहून अधिक विमाने बांधली गेली. भारतात वैमानिकांच्या अनेक तुकड्या याच विमानावर शिकल्या. वायुसेनेत नंतर त्याची जागा हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या एचटी-२ या विमानाने घेतली. वायुसेनेचे डागडुजी केलेले एचयू-५१२ हे टायगर मॉथ २०१२ च्या वायुसेना दिनी पुन्हा आकाशात दिसले.

प्रतिकृती या शब्दात मूळ वस्तू अस्तित्वात असणे गृहीत आहे. टायगर मॉथचे आराखडे, मापे आणि प्रत्यक्ष विमाने उपलब्ध असल्याने प्रतिकृती किती खरी उतरली हे मोजून पाहता येते. ‘वैमानिक शास्त्रा’तील वर्णनांवरून तयार होणारे नमुने या अर्थाने प्रतिकृती ठरत नाहीत. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली त्या ग्रंथाची तपासणी केली आणि त्यात वर्णिलेली याने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष काढला.

== प्रमाण आणि वजन ==

मूळ विमानाचा पंखविस्तार ८.९४ मीटर व लांबी सुमारे ७.३ मीटर आहे. एक चतुर्थांश प्रमाणात पंखविस्तार २.२३ मीटर, तर लांबी सुमारे १.८ मीटर होते. क्षेत्रफळ मात्र चौपटीने नव्हे, तर सोळा पटीने घटते: २२.२ चौरस मीटरचे पंख सुमारे १.४ चौरस मीटरचे होतात. घनफळ आणि त्याबरोबर वजन ६४ पटीने कमी व्हायला हवे, म्हणजे ८२८ किलोच्या भरलेल्या विमानाची प्रतिकृती १३ किलोच्या आत यावी. व्यवहारात ती त्याहून बरीच हलकी ठेवतात, कारण हलके विमान सावकाश उतरते व पडले तरी कमी मोडते.

पंखांवरचा भार घटल्यामुळे उड्डाणाचा वेगही घटतो. हिशेबाने तो प्रमाणाच्या वर्गमुळाइतका, म्हणजे एक चतुर्थांश प्रतिकृतीत निम्मा असतो. याच कारणाने घाईघाईत भिरभिरणारी प्रतिकृती दिसायला कितीही सुबक असली तरी खोटी वाटते. लहान पंख आणि कमी वेग एकत्र आले की हवेचा चिकटपणा अधिक जाणवू लागतो व पंखांची कार्यक्षमता खालावते. म्हणून काही बांधणारे पंखाचा मूळ छेद सोडून जरा जाड छेद घेतात. काटेकोर स्पर्धकांना ही तडजोड पसंत नसते.

== बांधणी ==

सांगाडा पारंपरिक पद्धतीने बाल्सा लाकूड व प्लायवूडचा करतात. पंखात लांबीच्या दिशेने कणे आणि आडव्या फासळ्या असतात. त्यांवर कापड किंवा उष्णतेने आवळणारे आवरण ताणून बसवतात. बाल्सा हा मूळचा दक्षिण व मध्य अमेरिकेतला वृक्ष आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात त्याच कुळातली काटेसावर विपुल आढळते. तिचे लाकूड हलके असले तरी बाल्सापेक्षा जड पडते, त्यामुळे फासळ्यांपेक्षा ठोकळे व साच्यांसाठी ते अधिक उपयोगी आहे. याच जंगलातील बांबूच्या कामट्या मात्र खरोखर कामाच्या आहेत. वजनाच्या मानाने त्या भक्कम असतात आणि उष्णतेने हव्या तशा वाकवता येतात. पंखांची टोके, शेपटीच्या कडा व शेपटीखालची घसरपट्टी यांसाठी त्या वापरता येतात.

टायगर मॉथचे नाक आखूड असल्याने प्रतिकृती बहुधा शेपटीकडे जड होते. गुरुत्वमध्य योग्य जागी आणण्यासाठी बॅटरी पुढे ढकलावी लागते किंवा नाकात शिसे भरावे लागते. शेपटीवर वाचवलेला प्रत्येक ग्रॅम नाकातले काही ग्रॅम शिसे वाचवतो, म्हणून मागची बांधणी शक्य तितकी हलकी ठेवतात.

== उड्डाण ==

विमान कलते करणारे एलेरॉन केवळ खालच्या पंखांवर असतात. ते वापरले की नाक वळणाच्या विरुद्ध बाजूस झुकू पाहते. मूळ विमानात यासाठी खाली जाणारा एलेरॉन फारसा हलत नाही अशी योजना आहे. प्रतिकृतीतही ती पाळावी लागते आणि प्रत्येक वळणात सुकाणूही द्यावे लागते. केवळ एका दांडीवर उडवण्याची सवय असलेल्यांना हे विमान म्हणूनच अवघड जाते. जमिनीवर त्याला ब्रेक नसतात. आडव्या वाऱ्यात ते सहज फिरते.

पूर्व विदर्भात हंगामाचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४६-४७ अंशांवर जातो. इतक्या तापलेल्या हवेची घनता १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी कमी असते. तेवढीच उचल मिळवायला वेग सुमारे पाच टक्क्यांनी वाढवावा लागतो, आणि धावही लांबते. पावसाळ्यात लाकूड ओल धरते. धानाची कापणी झाल्यावरच्या हिवाळी सकाळी हवा थंड व स्थिर असते. मात्र बांध्यांचे धुरे चाकांना अडतात, त्यामुळे रुंद माळ किंवा शाळेचे मैदान बरे.

== नियम आणि धोके ==

ड्रोन नियम, २०२१ नुसार शिक्षण, संशोधन किंवा मनोरंजनासाठी नजरेच्या टप्प्यात उडवलेली, २५ किलोपर्यंतची अशी साधने ‘मॉडेल’ या वर्गात येतात व त्यांना प्रकार-प्रमाणपत्र लागत नाही. हवाई क्षेत्राची बंधने मात्र त्यांनाही लागू आहेत. ताडोबा-अंधारीसारख्या संरक्षित क्षेत्रात वन विभागाच्या परवानगीविना काहीही उडवता येत नाही. गडचिरोलीत सुरक्षेच्या कारणास्तव स्थानिक पोलिसांना आधी कळवणे शहाणपणाचे आहे. आकाशातले छोटे विमान खेळातले आहे हे दुरून पाहणाऱ्याला कळत नाही.

सर्वांत कमी बोलला जाणारा धोका आगीचा आहे. आदळल्याने चेपलेली लिथियम-पॉलिमर बॅटरी पेट घेऊ शकते, कधी काही मिनिटे उलटल्यावरही. मोह व तेंदूच्या हंगामात जंगलात वाळलेल्या पानांचा थर असतो आणि तेव्हा एक ठिणगीही पुरते. त्यामुळे मार्च ते जून जंगलकडेला उड्डाण टाळतात. एरवीही जवळ वाळूची बादली ठेवतात, आणि पडलेल्या विमानातली बॅटरी काढून मोकळ्या जमिनीवर किमान अर्धा तास नजरेखाली ठेवतात.